शैलाची बरणी

शैला जाधव तीन महिन्यांपूर्वी एका मंगळवारी सकाळी गेली. मला बुधवारी दुपारी कळलं. रविवारी तिच्या घरी जलदान आणि पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मी गेले, बसले, ऐकलं. निघताना तिच्या मुलीने माझ्या हातात एक बरणी दिली.

त्या कार्यक्रमात बरेच लोक बोलले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "शैलाताई माझ्यापाशी मन मोकळं करायची." देवरूखहून आलेल्या तिच्या वर्गमैत्रिणीने कॉलेजातल्या गमती सांगितल्या. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्या बायांचा हेवा करत होते. पंचवीस वर्षं शैला आणि मी एका खोलीत काम केलं, आणि माझ्याशी ती फक्त मातीबद्दल बोलली. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "शैला फार चांगली सहायक होती." एवढंच म्हणून खाली बसले. सहायक हा शब्द मला घरी येईपर्यंत बोचत राहिला.

या अंकासाठी कामाच्या आठवणी लिहा असा निरोप आला तेव्हा मी आधी नकार दिला होता. आता लिहिते आहे. लिहायचं तर आधी काम काय होतं ते सांगावं लागेल.

रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या मागच्या इमारतीत माती आणि पाणी तपासायची छोटी प्रयोगशाळा होती. मी तिची प्रमुख, शैला सहायक. बागायतदार आंब्याखालची माती आणायचे, ग्रामपंचायतीचे शिपाई विहिरीचं पाणी आणायचे. ते नेहमीचं काम. पण माझा खरा विषय होता तेलाने बिघडलेली माती.

डिझेल, रॉकेल, गाडीचं जळकं ऑइल ही सगळी एका घराण्यातली. कार्बन आणि हायड्रोजन यांच्या साखळ्या. काही सरळ, काही वळून कडी झालेल्या. कडीवाल्या जास्त चिवट, आणि त्यांतल्या काही चांगल्याच विषारी. असं काही जमिनीत सांडलं की ते वर्षानुवर्षं तिथेच राहतं. मात्र मातीतल्या काही जिवाणूंना या साखळ्या अन्न म्हणून चालतात. ते त्या तोडतात, खातात, आणि शेवटी पाणी आणि हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड उरतो. आपण फक्त त्यांची सोय बघायची. हवा मिळावी म्हणून माती उकरायची, ओल राखायची, आणि थोडं खत घालायचं. तेलात कार्बन भरपूर असतो, पण नत्र आणि स्फुरद नसतं. म्हणजे पानात नुसता भात आहे, आमटी नाही. ती आमटी आपण खताच्या रूपाने वाढायची.

आपल्याकडे एक अडचण जास्तीची. जांभा दगड चाळणीसारखा असतो. घाटावरच्या काळ्या मातीत तेल वरच रेंगाळतं, इथे ते भोकाभोकांतून खाली उतरतं आणि पावसाच्या पाण्याबरोबर विहीर गाठतं. शिवाय माती आंबट. जिवाणूंना फार आंबट सोसत नाही, म्हणून चुना मिसळावा लागतो. किती मिसळायचा ते मी मीटर लावून, आकडेमोड करून काढायची. शैला माती तळहातावर घेऊन पाणी शिंपडायची, अंगठ्याने चोळायची, हुंगायची आणि म्हणायची, "दोन घमेली पुरे मॅडम." माझं गणित संपलं की उत्तर साधारण तेवढंच यायचं.

तिचं नाक हा माझा पहिला मत्सर. मातीत सांडलंय ते रॉकेल की डिझेल, आणि डिझेल असेल तर ताजं की गेल्या वर्षीचं, हे ती हुंगून सांगायची. एका सुट्टीत मी घरी लहान बाटल्यांमध्ये वेगवेगळी तेलं मातीत मिसळून ठेवली, डोळे मिटले आणि ओळखायचा प्रयत्न केला. दुपारपर्यंत डोकं दुखायला लागलं. सगळ्या बाटल्यांना मला एकच वास येत होता. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

दुसरा मत्सर लोकांचा. नाटे बंदरावरून एक ट्रॉलरवाले आले होते, हसनभाई. इंजिनाखाली बोटीच्या तळाशी तेलकट पाणी साचतं, ते साफ करायला त्यांना आमचे जंतू हवे होते.

"पण बाय," ते म्हणाले, "हे तुमचे जंतू टाकी ओळखणार नाहीत ना? टाकीतलं डिझेल प्यायले तर मी भर समुद्रात बसलो."

मी त्यांना नीट समजावून सांगितलं. तेल आणि पाणी जिथे भेटतात तो पृष्ठभाग, प्राणवायूची गरज, वाढीचा वेग. फळ्यावर आकृती काढली. त्यांनी अदबीने सगळं ऐकून घेतलं आणि शैलाकडे वळून विचारलं, "म्हणजे काय गो?"

शैला म्हणाली, "टाकीत पाणी शिरू देऊ नका हसनभाई. पाणी नाही तिथे ते वाढत नाहीत. त्यांचंही तुमच्यासारखंच आहे, पाण्यावाचून करमत नाही."

हसनभाई पोट धरून हसले. त्यानंतर त्यांचा माणूस रत्नागिरीला आला की शैलासाठी सुरमई यायची. मला नमस्कार यायचा.

आता बरणीबद्दल.

कॉलेजच्या रस्त्यावर एक गॅरेज होतं. त्याच्या मागच्या अंगाला मेकॅनिक लोक जळकं ऑइल ओतायचे. किती वर्षं, कुणालाच माहीत नाही. जमीन काळी आणि चिकट झाली होती. शैला रोज त्या बाजूने यायची. एक दिवस तिला त्या काळ्या पट्ट्याच्या कडेला गवत उगवलेलं दिसलं. आम्ही सगळेच तिथून जात होतो; तिला ते दिसलं, आणि दिसल्यावर तिने विचार केला की इथे गवत तगतंय तर खाली कुणीतरी काम करत असणार. डब्यातली पोळी कागदात गुंडाळून तिने डबाभर माती आणली.

त्या मातीतून मी एक जिवाणू वेगळा काढला. रत्नागिरीच्या मातीतला माझा सातवा, म्हणून त्याचं नाव आर-सात. नुसत्या क्षारांच्या पाण्यात, डिझेलशिवाय दुसरं काही खायला नसताना तो वाढायचा. माझ्या आयुष्यातला तो मोठा आनंद होता. उरलेली माती फेकून दे असं मी शैलाला सांगितलं. तिने ती लोणच्याच्या काचेच्या बरणीत भरली, तोंडाला फडकं बांधलं आणि बेसिनखाली ठेवली. दर पंधरा दिवसांनी त्यात डिझेलचे चार थेंब टाकायची आणि चमच्याने ढवळायची.

"कशाला सांभाळतेस?" मी विचारलं.

"असू दे मॅडम. एकटा काढलेला एकटाच असतो. इथे सगळं गाव आहे."

इथे माझी चूक सांगायला हवी. ती आमच्याच धंद्यातला माणूस करू शकतो. जिवाणू जिवंत ठेवायचे तर त्यांना ठरावीक दिवसांनी नव्या अन्नावर हलवावं लागतं. आर-सात नुसत्या डिझेलवर वाढायचा तेव्हा त्याच्या वसाहती, म्हणजे तबकडीवर उगवणारे ठिपके, बारीक, फिकट, रोडावलेल्या दिसायच्या. मांसाच्या अर्काच्या पौष्टिक माध्यमावर वाढवला की दोन दिवसांत पांढऱ्याशुभ्र, गुबगुबीत. पाहुणे आले की मला त्या दाखवायला आवडायचं. फोटोही छान यायचे. मी त्याला तीन-चार वर्षं त्या पौष्टिक अन्नावरच ठेवला.

शैला एकदा म्हणाली, "मॅडम, ह्यांना इतकं गोडधोड घालू नका. डिझेल विसरतील."

मी तिला म्हटलं, "जिवाणू विसरत नाहीत शैला, त्यांना मेंदू नसतो."

आणि त्याच आठवड्यात मी वर्गात शिकवत होते की तेल पचवायची कृती पुष्कळ जिवाणूंमध्ये मुख्य गुणसूत्रावर नसते, एका वेगळ्या छोट्या कड्यावर लिहिलेली असते. ते कडं बाळगणं म्हणजे ओझं. आयतं अन्न मिळत राहिलं तर पुढच्या पिढ्या ते ओझं टाकून देतात. दरवर्षी शिकवायची. शैलाने तेच सांगितलं होतं, फक्त पुस्तकातल्या शब्दांत नाही. तिचं ऐकलं असतं तर ते तिचं झालं असतं, म्हणून ऐकलं नाही. दुसरं कारण मला सापडत नाही.

पुढे कॉलेजात एक पाहुणे प्राध्यापक आले. माझ्या वसाहतींकडे त्यांनी एक नजर टाकली आणि बेसिनपाशी वाकून बराच वेळ बरणी बघत बसले. शैलाला प्रश्न विचारत होते, ती उत्तरं देत होती. दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं, "तपासणी समिती येणार आहे. प्रयोगशाळेत लोणच्याची बरणी बरी दिसत नाही. काढून टाक." तिने ती पदरापाशी धरून घरी नेली. समितीने बेसिनखाली पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात संगमेश्वरच्या अलीकडे महामार्गावर डिझेलचा टँकर उलटला. माणसं वाचली. डिझेल उतारावरून एका वाडीतल्या शेतात गेलं. शेत घाग नावाच्या म्हाताऱ्या बाईंचं, आणि शेताच्या खालच्या बांधाला त्यांची बाव, म्हणजे विहीर. पाच घरं त्या बावीवर. पाण्याला अजून वास नव्हता. पण आम्ही खणून पाहिलं तर कमरेइतक्या खोलीवर मातीला वास होता, आणि पाऊस अडीच महिन्यांवर आला होता. पहिल्या पाण्याबरोबर ते खाली उतरलं असतं.

घागकाकी बांधावर बसून होत्या. मला बघून शैलाला म्हणाल्या, "ह्या चष्म्याच्या बाई काय करनार?"

"माती धुऊन देणार काकी."

"कशानं?"

"किड्यांनी."

"किडं हायत आमच्याकडं रग्गड. ते ऱ्हवदेत. बावीचं काय ते सांग."

मी म्हटलं, "पावसाआधी माती साफ होईल." मी शब्द दिला. आर-सातच्या भरवशावर दिला.

वाडीतल्या माणसांनी शेतातली तेलकट माती खणून काढली. जाड प्लास्टिक अंथरून तिचे ढीग केले. शेणखत, भाताचं तूस, चुना, खत घातलं. मोठ्या पिंपांत, त्याच पौष्टिक अन्नावर, आम्ही आर-सात वाढवला होता, तो ओतला. शिस्त म्हणून एक छोटा ढीग मी तसाच ठेवला होता. त्यात खत आणि हवा, पण जिवाणू ओतलेले नाहीत. तुलना केल्याशिवाय काय कशामुळे झालं ते सांगता येत नाही.

तीन आठवड्यांनी दोन्ही ढिगांमध्ये काही फरक नव्हता. दोन्हींना वास येत होता. मी नमुने आणले, तपासले. मग आर-सात नुसत्या डिझेलवर लावून बघितला. दोन दिवस, चार दिवस, आठ दिवस. काही उगवलं नाही. शेजारी पौष्टिक माध्यमावर तोच जिवाणू ढिगाने वाढला होता.

शैलाने ती रिकामी तबकडी उजेडाकडे धरली, पुन्हा खाली ठेवली आणि बाकीच्या धुवायला गेली. तिने टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिने चहा केला. मी म्हटलं, "ती बरणी आहे का अजून?"

"आहे की."

"जिवंत असेल?"

"परवाच जेवली," ती म्हणाली, आणि ओट्याखालून बरणी काढून माझ्यासमोर ठेवली. नेताना सांडू नये म्हणून मी फडक्याऐवजी फिरकीचं झाकण लावायला लागले तर म्हणाली, "घट्ट लावू नका मॅडम. जीव गुदमरतो त्यांचा."

पुढचे दिवस तिचेच होते. बरणीतली अर्धी माती क्षारांच्या पाण्यात आणि डिझेलात, माशांच्या टाकीला असतो तसला हवेचा पंप लावून, पिंपांत वाढवली. चौथ्या दिवशी पाणी गढूळ झालं आणि वरचा तेलाचा तवंग फाटला. शैलाने ते मोठ्या ढिगाच्या अर्ध्या भागात मिसळलं, दुसरा अर्धा आर-सातचा म्हणून तसाच ठेवला. तुलना असू दे, म्हणाली, मॅडमना लागते. एक दिवसाआड ती एसटीने जायची आणि वाडीतल्या बायकांबरोबर फावड्याने ढीग वरखाली करायची. मी छत्री घेऊन उभी राहून नोंदी करायची. बायका तिला शैला म्हणून हाक मारायच्या, भाकरीचा तुकडा तिच्या हातावर ठेवायच्या. माझ्यासाठी घरातून खुर्ची आणली जायची. त्या खुर्चीवर बसून मी तिच्या हातातल्या भाकरीकडे बघायची.

हळूहळू तिच्या अर्ध्या ढिगाचा वास उतरला. मातीचा वास आला. घागकाकींनी मूठभर माती हुंगली, दुसऱ्या मुठीत माझ्या अर्ध्यातली घेऊन ती हुंगली आणि दुसरी मूठ टाकून हात लुगड्याला पुसला. पावसाआधी आठ दिवस आम्ही तिच्या अर्ध्यातली माती उरलेल्या ढिगात कालवली. पाऊस पडला तेव्हा ढिगांवर ताडपत्री होती आणि शेताच्या खड्ड्यात घाण उरली नव्हती. त्या पावसाळ्यात आणि नंतरच्या दोन पावसाळ्यांत मी बावीचं पाणी तपासलं. त्यात काही आलं नाही.

मग अहवाल. तो मी लिहिला आणि टाईप शैलाने केला. मी लिहिलं होतं की प्रयोगशाळेने विलग केलेल्या आर-सात या जिवाणूच्या वापराने माती शुद्ध करण्यात आली. शेवटी आभारात प्रयोगशाळा सहायकांचा उल्लेख होता, नाव नव्हतं.

टाईप करता करता ती थांबली. "मॅडम, इथे आर-सात लिहिलंय. तसंच ठेवू?"

मी वर न बघता म्हटलं, "ठेव."

ती पुढे टाईप करायला लागली. तिचा टायपिंगचा वेग मला अजून ऐकू येतो. जरासुद्धा कमी झाला नाही.

त्या अहवालावर मला व्याख्यानं मिळाली, शाल मिळाली, वर्तमानपत्रात फोटो आला. घागकाकींकडून मात्र दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी आमसुलांची पिशवी यायची, ती शैलाच्या नावाने. शैला त्यातली अर्धी मला द्यायची. ती आमसुलं मी वापरायची, आणि प्रत्येक आमटीला मला तिचा राग यायचा. राग कसला, हेवाच. माझ्याकडे पदवी, पद, अहवाल, सगळं होतं, आणि तिच्याकडे जे होतं ते मला हवं होतं. माझ्या निवृत्तीच्या दिवशी तिला हे सांगायचं ठरवलं होतं. निरोप समारंभात ती चहाचे कप गोळा करत होती. मी तिच्याजवळ गेले आणि विचारलं, "पंपाची वायर काढलीस ना?"

"काढली मॅडम," ती म्हणाली.

त्यानंतर आम्ही चार-सहा वेळा भेटलो असू, बाजारात.

त्या रविवारी तिच्या मुलीने बरणी आणून दिली ती हे म्हणत, "आईच्या ओट्याखाली होती. वर तुमचं काहीतरी लिहिलंय म्हणून विचारते. नाहीतर फेकणार होतो."

बरणीवर कागदाची पट्टी चिकटवलेली होती, वरून चिकटपट्टी लावून जपलेली. शैलाच्या अक्षरात लिहिलं होतं: आर-सात. खाली तारीख. घरी येऊन मी अहवालाची प्रत काढली. तारीख तीच होती. अहवाल टाईप केला त्या दिवशी घरी जाऊन तिने आपल्या बरणीला माझ्या जिवाणूचं नाव दिलं होतं. म्हणजे अहवालात लिहिलं होतं ते त्या दिवसापासून खरं झालं होतं.

तिने माझी लाज झाकली, की मला चिमटा काढून ठेवला, हे मला ठरवता येत नाही. दोन्ही तिला शोभलं असतं. एवढं करून ती इतकी वर्षं गप्प राहिली, आणि मला तेही जमलं नसतं. म्हणजे ती गेल्यावरही माझा हेवा संपलेला नाही.

मागच्या महिन्यात मी संगमेश्वरला गेले. घागकाकींना आता कमी दिसतं. शैला गेल्याचं सांगितलं. मग मी अहवालाचं सांगितलं. माती माझ्या जिवाणूने साफ झाली असं मी लिहिलं, ते खोटं होतं, ती शैलाची बरणी होती.

"ता आमाला म्हायती व्हता," काकी म्हणाल्या. "तुमचा ढीग वास मारीत व्हता."

"मग तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"तीच म्हनाली, नको बोलू काकी. बाईंचा जीव अडकलाय त्याच्यात."

येताना त्यांनी आमसुलांची पिशवी दिली. या वेळी माझ्या नावाने.

अहवाल ज्या कार्यालयात जमा आहे तिथे मी दुरुस्तीचं पत्र पाठवलं आहे. त्यात शैला जाधव हे पूर्ण नाव लिहिलं आहे. उत्तर आलेलं नाही. बरणी माझ्या स्वयंपाकघरात ओट्याखाली आहे. चिमूटभर माती क्षारांच्या पाण्यात आणि डिझेलात घालून पाहिली; सहाव्या दिवशी तवंग फाटला. वरची चिठ्ठी मी बदललेली नाही. दर पंधरा दिवसांनी मी चार थेंब टाकते, चमच्याने ढवळते आणि झाकण सैल ठेवते.